आईच्या बाहीची नोंद घेणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

तुमचं नाव इथे घालत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. आभार मात्र चारचौघांतच मानायचेत.

आईचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी काढल्या आणि पुढे डावा हात सुजून जड झाला. तुमच्याआधी जिथे दाखवलं तिथे "जिवावरचं हातावर निभावलं, आता काय कुरकुर?" असं ऐकवलं. वर लघवीच्या गोळ्या. त्यांनी पाणी उतरतं, पण साठलेली प्रथिनं तिथेच राहतात आणि सूज परत येते, हे तुम्ही समजावलंत. पिढ्यान्‌पिढ्या हत्तीपाय पाहिलेल्या विदर्भात सुजेबद्दल एवढी बेफिकिरी!

पट्ट्या, मसाज, व्यायाम यांचं लिहीत बसत नाही. मनात राहिली ती तुमची वही. मनगटापासून वर दर चार सेंटिमीटरला टेप लावून आकडे लिहिलेत, मग विचारलंत, "काकू, बरं वाटलं असं तुम्ही कधी म्हणाल?" आई म्हणाली, "ब्लाउजची बाही चढली पाह्यजे, बस." तुम्ही हसला नाहीत. पट्टीने नवा रकाना आखून वर 'बाही' लिहिलंत. या नोंदी अभ्यासाला वापरू का, नाही म्हणालात तरी उपचार हाच राहील, असंही विचारलंत. एरवी दवाखान्यात आईला एकच वाक्य ऐकू येतं: इथे सही करा.

नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ वर असताना, पट्टी किती तास बांधली तर पुरे, हा तुमचा प्रश्न. थंड मुलखातल्या रुग्णांवरून त्याचं उत्तर कसं निघणार? पण त्यासाठी किती जणींची मापं लागतील, आकडेमोड कशी करायची, अभ्यासाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीचा अर्ज कसा लिहायचा, हे तुम्ही ओपीडी आटोपून रात्री एकट्याने शिकताय. शिकताना एक प्रबंध लिहिला, की पुढे कोणी विचारत नाही. रोज असे हात-पाय हाताळणाऱ्यांना आठवड्यातली एक दुपार मोकळी आणि अडलं तर विचारायला संख्याशास्त्राचा माणूस, एवढंही जमू नये? परिषदांच्या फ्लेक्सना पैसे असतात, बरं का.

बाही अजून दंडाला अडते, पण चढते. अभ्यासात रुग्णाचं नाव छापत नाहीत, हे तुम्ही सांगितल्यापासून आई जरा रुसली आहे. तेवढं सांभाळून घ्या.

तुमच्या काकूंची मुलगी,
नागपूर