पहिल्या वर्षाच्या वर्गात जाण्याआधी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र परवा मिळालं. पुढच्या सत्रापासून विज्ञान सोडून आलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलांचा वर्ग तुझ्याकडे आलाय, हे वाचून मनापासून आनंद झाला. सोबत पाठवलेली विषयांची यादीही पाहिली. अणूपासून आकाशगंगेपर्यंत काहीच सुटलेलं नाही. माझं ऐकशील तर त्यातली निम्मी खोडून टाक. यातली बहुतेक मुलं पुन्हा कधी विज्ञानाच्या वर्गात बसणार नाहीत. मात्र घरातल्या कुणाचा तरी तपासणीचा अहवाल हातात धरून निर्णय घ्यायची वेळ त्यांच्यावर नक्की येणार. त्या वेळी त्यांना काय आठवायला हवं, एवढंच धरून यादी कर.

पहिल्या तासाला काही शिकवू नकोस. चिठ्ठ्या वाट आणि विचार: उन्हाळा का होतो? खूपजण लिहितील, पृथ्वी सूर्याच्या जवळ येते म्हणून. शाळेत या सगळ्यांनी पृथ्वीच्या अक्षाचा 23.5 अंशांचा कल, ज्यामुळे खरं तर ऋतू होतात, पाठ केलेला असतो, विचारलास तर आकडा बरोबर सांगतात, आणि तरीही हेच लिहितात. दोन्ही गोष्टी डोक्यात शेजारी शेजारी राहतात आणि एकमेकींना कधी भेटत नाहीत. लगेच चूक दाखवू नकोस. फक्त विचार, की मग एकाच महिन्यात उत्तर गोलार्धात थंडी आणि दक्षिणेत उन्हाळा कसा? वर्ग गप्प होतो. ती शांतता भरून काढायची घाई करू नकोस. त्यानंतर सांग, की पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, साधारण 14.7 कोटी किलोमीटरवर, आणि जुलैत 15.2 कोटींवर. आधी अंदाज लिहायला लावून मग सांगितलेलं टिकतं, हा माझा एकट्याचा अनुभव नाही. रिचर्ड हेक यांनी 1998 मध्ये भौतिकशास्त्राच्या प्राथमिक वर्गांतल्या सहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या चाचण्या तपासल्या होत्या. जिथे मुलं वर्गातच विचार करत, एकमेकांशी वाद घालत शिकली, तिथे संकल्पनांची समज नुसत्या व्याख्यानांच्या तुलनेत जवळपास दुपटीने वाढलेली दिसली.

आता माझी एक चूक सांगतो, कारण तू ती करू नयेस असं मला फार वाटतं. पहिली काही वर्षं मी शंका शिकवली. फसलेले प्रयोग, खोटे आकडे, दिशाभूल करणारे आलेख. मुलांना ते आवडायचं आणि वर्ग रंगायचा. एका सत्राच्या शेवटी एका मुलीने उत्तरपत्रिकेत लिहिलं, ‘आता मला कोणत्याच संशोधनावर विश्वास ठेवावासा वाटत नाही.’ ते वाचून मला रात्रभर झोप आली नाही. तिने माझा अभ्यासक्रम अगदी नीट शिकला होता. तेव्हापासून माझे सगळे तास एकाच प्रश्नाभोवती फिरतात: विश्वास कशावर ठेवायचा, आणि किती?

यासाठी मी 1847 सालचं व्हिएन्नाचं प्रसूतिगृह घेतो. तिथल्या सेमेलवाइस या डॉक्टरचं नाव आधी सांगत नाही, फक्त आकडे देतो. एकाच रुग्णालयात दोन विभाग. बायकांना एक दिवसाआड या नाहीतर त्या विभागात घेतलं जाई. डॉक्टर आणि विद्यार्थी होते त्या विभागात दर शंभर बाळंतिणींमागे सरासरी दहा जणी बाळंतपणाच्या तापाने दगावत, सुइणींच्या विभागात चारच्या आसपास. का? मुलं कारणं सुचवतात: गर्दी, हवा, भीती. प्रत्येक कारणाला मी एकच प्रश्न जोडतो, हे खरं असेल तर आणखी काय दिसायला हवं? सेमेलवाइसने स्वतःही असंच केलं होतं. बायका भीतीने दगावतात का ते पाहायला घंटा वाजवत जाणाऱ्या धर्मगुरूचा मार्गसुद्धा बदलून पाहिला, फरक पडला नाही. पुढे शवविच्छेदनात बोटाला जखम होऊन त्याचा एक सहकारी त्याच तापासारख्या लक्षणांनी गेला, आणि धागा सापडला. डॉक्टर शवविच्छेदन करून सरळ बाळंतिणींकडे येत होते. मे महिन्यात क्लोरीनच्या द्रावणाने हात धुणं सुरू झालं. एप्रिलमध्ये 18 टक्क्यांवर गेलेले मृत्यू जुलैत सव्वा टक्क्याच्या आसपास आले. यावर मी दोन पूर्ण तास घालवतो. पोर्शन मागे पडतो, पडू दे. कारण खरा वाद पुढे आहे: तरीही अनेक डॉक्टरांनी ते मानलं नाही. जंतूंची कल्पना अजून रुजायची होती, म्हणजे ‘का’ याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं, आणि त्याने पुस्तक लिहिलं ते 1861 साली. तुम्ही त्या डॉक्टरांच्या जागी असता तर? या प्रश्नावर वर्गात दोन तट पडतात आणि कुणालाच तास संपायला नको असतो.

आकड्यांचं थोडक्यात. ‘धोका दुप्पट’ असं ऐकलं की ‘कशाच्या दुप्पट?’ हे तोंडातून आपोआप यायला हवं. 1995 मध्ये ब्रिटनमध्ये काही गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दुप्पट होतो असा इशारा दिला गेला. मुळात तो सात हजारांत एकीला होता, तो दोघींना झाला. घाबरून अनेकींनी गोळ्या सोडल्या, आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये अंदाजे 13,000 गर्भपात जास्त झाले. गुठळ्यांचा धोका गरोदरपणात त्या गोळ्यांपेक्षाही अधिक असतो, हे शेवटी सांग. फळ्यावर सूत्र लिहू नकोस, सात हजार ठिपक्यांचा कागद दाखव.

प्रॅक्टिकलबद्दल तू काहीच विचारलं नाहीस, पण मला तिथेच सगळ्यात जास्त काळजी वाटते. लंबकाच्या प्रयोगात प्रत्येकाच्या जर्नलमध्ये ‘जी’चं, म्हणजे गुरुत्वीय त्वरणाचं, उत्तर 9.8 येतं. उत्तर माहीत असतं, मग रीडिंग जुळवली जातात, मार्क जातील म्हणून. विज्ञानाच्या तासाला आपणच मुलांना पुरावा वाकवायला शिकवतो, आणि याचं मला खरंच दुःख होतं. म्हणून ज्याचं उत्तर पुस्तकात नाही असंच काही मोजायला दे. मी पट्टी वापरतो. एकाने वर धरायची आणि न सांगता सोडायची, दुसऱ्याने खाली चिमटीत पकडायची. वीस सेंटीमीटर खाली आली तर प्रतिसादाला सुमारे 0.2 सेकंद लागले. प्रत्येकाने दहा वेळा करायचं आणि सगळी रीडिंग फळ्यावर मांडायची. एकाच हाताची दहा उत्तरं दहा प्रकारची येतात आणि ‘सर, यातलं बरोबर कोणतं?’ असा प्रश्न येतो. त्या दिवशी सरासरी आणि त्रुटी शिकव. विसरणार नाहीत. मार्क उत्तराला देऊ नकोस, खाडाखोड न करता लिहिलेल्या रीडिंगला दे.

शेवटच्या आठवड्यात मी न्यूट्रिनो या अतिसूक्ष्म कणांची गोष्ट सांगतो. सप्टेंबर 2011 मध्ये ऑपेरा प्रयोगातल्या शास्त्रज्ञांनी जाहीर केलं, की युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेपासून 730 किलोमीटरवर न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा 60 नॅनोसेकंद लवकर पोचलेले दिसतात, आणि आम्ही महिनोन् महिने शोधूनही चूक सापडत नाही, तुम्हीही शोधा. पुढच्या वर्षी एक फायबर ऑप्टिक केबल नीट बसलेली नव्हती, त्यामुळे वेळ चुकीची मोजली गेली होती, असं निघालं. गेल्या सत्रात एक मुलगा म्हणाला, ‘म्हणजे शास्त्रज्ञ चुकलेच ना?’ मी उत्तर द्यायच्या आत मागच्या बाकावरून आवाज आला, ‘पण सापडवली पण त्यांनीच.’ मी पुढे काही बोललो नाही.

तुझा पहिला तास कधी आहे ते कळव. व्हिएन्नाच्या आकड्यांचा महिन्यावार तक्ता मी हाताने काढून ठेवलाय, तो पाठवतो. आणि पहिल्या दिवसाच्या चिठ्ठ्या जपून ठेव. सत्राच्या शेवटी ज्याच्या त्याला परत दे, आणि मुलं त्या वाचताना काय म्हणतात ते मला सविस्तर लिही.

तुझाच,
जुना बाकसोबती