उभ्या राहिलेल्या यंत्राचे रोग

प्रिय सदानंद,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतची छायाचित्रे मिळाली. कॅटरपिलरचा डी-२, हा चेनवर चालणारा डिझेल ट्रॅक्टर, तोही ५यू मालिकेतला, म्हणजे १९४७ ते १९५७ या काळात बनलेल्यांपैकी एक, तुझ्या हाती आला याचा मला तुझ्याइतकाच आनंद झाला आहे. दोन्ही चेनच्या मध्यांतले अंतर ५० इंच भरल्याचे तू लिहिलेस. ते बरोबर जुळते, कारण त्याच काळातल्या ४यू मालिकेचे हे अंतर ४० इंच असे. मात्र पत्रातले जे वाक्य मी पुन्हा वाचले ते वेगळेच होते: यंत्र अनेक वर्षे उघड्यावर उभे होते. मागच्या मालकाने ते किती तास चालवले याची तू चौकशी करतो आहेस, पण असे जुने यंत्र राबून जितके झिजते त्याहून अधिक ते उभे राहून बिघडते. म्हणून आधी पाणी कुठे कुठे शिरले आहे ते शोध.

सुरुवात पोनी इंजिनापासून कर. डिझेल इंजिन फिरवण्यासाठी जोडलेले हे दोन सिलिंडरचे छोटे पेट्रोल इंजिन या यंत्राचा खरा नाजूक भाग आहे. त्याच्या धुराड्यावर झाकण नसेल, तर पावसाचे पाणी थेट सिलिंडरपर्यंत उतरते आणि पिस्टन गंजून धरतो. ते एकदम जोर लावून फिरवू नकोस. दोन्ही प्लग काढ, सिलिंडरमध्ये थोडे पातळ ऑइल सोड, त्याला मुरू दे आणि मग फ्लायव्हील हाताने हळूहळू पुढे-मागे हलवून पाहा. सुटल्यावर तळाचे ऑइल काढ. आधी पाणी बाहेर आले तर आश्चर्य मानू नकोस. ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोचे पॉइंट काळे पडलेले असणारच, ते घासून ठिणगी पाहा. पोनी इंजिन काढून टाकून बॅटरीवरचा स्टार्टर बसवण्याचा सल्ला तुला अनेक जण देतील. मी तसे करणार नाही. पोनी आणि डिझेल यांचे थंड करण्याचे पाणी एकच असते आणि पोनीचा तप्त धूर डिझेलच्या हवेच्या नळीला ऊब देत जातो. त्यामुळे ते मोठ्या इंजिनाला नुसते फिरवत नाही, तर पेट घेण्याआधीच त्याला तापवते आणि त्याच्या बेअरिंगांपर्यंत ऑइल पोहोचवते. इतक्या वर्षांनी जागे होणाऱ्या इंजिनासाठी याहून सौम्य पद्धत मला माहीत नाही.

डिझेल सुरू करण्याआधी एक तपासणी कोणत्याही परिस्थितीत टाळू नकोस. इंधन पंपाची रॅक, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला जाणारे डिझेल कमी-जास्त करणारी दांडी, मोकळी सरकते का ते पाहा. जुने डिझेल चिकट होऊन ती अडकते, आणि भरपूर इंधन देण्याच्या स्थितीत अडकली असेल तर इंजिन सुरू होताच बेफाम वेग घेते आणि लिव्हर ओढूनही थांबत नाही. पहिल्या वेळी हवेच्या नळीचे तोंड पूर्ण झाकेल अशी एक सपाट फळी जवळ ठेव. हवा तोडली की इंजिन गुदमरून थांबते. हाताने किंवा फडक्याने ते तोंड झाकण्याचा प्रयत्न मात्र करू नकोस. टाकीच्या तळाचा गाळ आणि पाणी आधीच काढून टाक, फिल्टर बदल, आणि हवेच्या फिल्टरची ऑइलची वाटी धुऊन खुणेपर्यंत नवे ऑइल भर.

सुरू करण्याचा क्रम असा. डिझेल इंजिनाचे कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) सोडवून ठेव, पोनी चालू करून गरम होऊ दे, पिनियन (पोनीचे छोटे दातेरी चाक) डिझेलच्या फ्लायव्हीलमध्ये गुंतव आणि मग पोनीचा क्लच हळूच लाव. डिझेल मोकळे फिरू लागले की ऑइलच्या दाबाचा काटा वर येईपर्यंत थांब. इथे घाई करण्यात काहीही मिळत नाही. काटा वर आला की कॉम्प्रेशन दे, थोडे आणखी फिरू दे आणि नंतरच इंधन उघड. डिझेलने वेग घेताच पिनियन आपोआप सुटले पाहिजे. ते पकडणारे खटके वेळेवर सुटले नाहीत, तर डिझेलच पोनीला त्याच्या मर्यादेपलीकडे फिरवते आणि पोनीचे तुकडे होतात, म्हणून हे खटके आधी डोळ्यांनी पाहून घे. पोनी बंद करताना पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होऊ दे.

आता तुझी खरी तक्रार: यंत्र सरळ चालते, पण उजवीकडे वळत नाही. हाही उभे राहण्याचाच रोग आहे. एकेका चेनला इंजिनापासून तोडून यंत्र वळवणारे स्टिअरिंग क्लच हे कोरड्या चकत्यांचे असतात. दमटपणाने त्या एकमेकींना गंजून चिकटतात आणि लिव्हर ओढला तरी सुटत नाहीत. त्या कप्प्याच्या तळाचा प्लग काढून काय गळते ते आधी पाहा. पाणी आले तर गंज आहे. ऑइल आले तर बाजूचे सील गेले आहे. अशा वेळी चकत्या चिकटत नाहीत, उलट घसरतात, आणि मग सील बदलल्याखेरीज नुसत्या धुण्याचा उपयोग नाही. गंजाच्या बाबतीत लगेच सगळे उघडू नकोस. मोकळ्या सपाट जागी यंत्र चांगले तापेपर्यंत चालव, उजवा लिव्हर मागे बांधून ठेव आणि चालता चालता त्याच बाजूचा ब्रेक ठरावीक अंतराने दाबत राहा. पुष्कळदा चकत्या एका धक्क्यासरशी सुटतात; त्या क्षणी यंत्र झटकन वळते, म्हणून आसपास कोणीही उभे नको.

चालवण्याबद्दल एकच गोष्ट सविस्तर लिहितो, कारण ती मनाला उलटी वाटते. सपाटीवर किंवा चढावर उजवा क्लच सोडवलास की उजवी चेन मागे पडते आणि यंत्र उजवीकडे वळते. उतारावर मात्र वजनच यंत्राला ढकलत असते आणि इंजिन त्याला धरून ठेवत असते. तिथे ब्रेक न दाबता उजवा क्लच सोडवलास, तर उजवी चेन इंजिनाच्या पकडीतून सुटून पुढे धावते आणि यंत्र डावीकडे वळते. म्हणून उतारावर लिव्हरबरोबर लगेच त्याच बाजूचा ब्रेक दाबायचा, किंवा जाणूनबुजून विरुद्ध बाजूचा लिव्हर वापरायचा. सपाट जागेवर भरपूर सराव होईपर्यंत उताराला हात लावू नकोस, आणि उताराला आडवे तर कधीच जाऊ नकोस; छायाचित्रात चालकावर संरक्षक सांगाडा दिसत नाही, तेव्हा यंत्र कलंडले तर तुला वाचवणारे काहीही नाही. ब्लेडने खोदताना पातळ थर घे. ब्लेड चेनच्या पुढे असल्याने यंत्राचे नाक जरा वर झाले की तेही वर जाते; ते डोळ्यांना दिसल्यावर दुरुस्त करू लागलास, तर जमीन पन्हाळी पत्र्यासारखी होईल. नाक हलू लागल्याचे बैठकीखाली जाणवते, तेवढ्यावरच हात चालला पाहिजे. थांबताना ब्लेड जमिनीवर टेकव.

चेनची भीती बाळगू नकोस, पण तिला ताणूही नकोस. वरच्या रोलरपासून पुढच्या आयडलर चाकापर्यंत तिला इंच-दीड इंचाचा झोल हवा. घट्ट चेन सगळेच लवकर खाते, आणि चिखल भरून वाळला की ती आपोआप घट्ट होते, म्हणून काम संपल्यावर ती खरवडण्याचा कंटाळा करू नकोस. रोलरमध्ये जाड ग्रीस जास्त दाबाने भरू नकोस, सील फुटतात. त्यांना पातळसर वंगण लागते. वेगाने रिव्हर्स घेणे आणि सतत एकाच बाजूला वळणे ही झिजेची मोठी कारणे आहेत.

चेन फार ढिली वाटते म्हणून तू नव्या चेनची मागणी नोंदवायला निघाला आहेस, ती आठवडाभर थांबव. चेन ताणून धर, चार दुव्यांवरचे अंतर पिनेच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोज आणि त्याला चाराने भाग, म्हणजे एका दुव्याची लांबी आणि त्यावरून झीज कळेल. शिवाय बुशिंगची (पिनेवरच्या नळीची) झीज एकाच अंगाला आहे का तेही पाहा. तसे असेल आणि बुशिंग अजून फार पातळ झाले नसतील, तर पिना आणि बुशिंग अर्ध्या वळणाने फिरवून बसवता येतात आणि त्याच चेनवर बराच काळ काम निभते. दोन्ही बाजूंची मापे आणि स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन फिरवणाऱ्या चाकाच्या, दातांचे जवळून घेतलेले छायाचित्र मला पाठव, मग फिरवायची की बदलायची ते ठरवू.

तुझा,
माधव