कामाला येणाऱ्या ताईंचा पगार

चि. अमित,

ख्रिस्तात सलाम आणि तुम्हा दोघांना अनेक आशीर्वाद.

धुणं-भांडी आणि केर-लादीला ताई ठेवायच्या ठरवताय हे कळलं. ही बोलणी सूनबाईवर टाकू नकोस. पगार, सुट्टी, उचल हे सगळं तूही समोर बसून ठरव, आणि ताईंना अहो-जाहो कर. बायबलमधल्या मीखाच्या पुस्तकात, सहाव्या अध्यायात, देव माणसाकडून काय मागतो ते सांगितलंय. त्यात न्याय आधी येतो, मग दया. आपल्या घरांतून मात्र बहुधा दयाच आधी धावते. नाताळाला साडी द्यायची आणि आजारपणाच्या चार खाड्यांचे पैसे कापायचे. कापलेल्या पैशांत त्या साडीची किंमत कधीच वसूल झालेली असते.

पगार एक तारखेला, त्या दिवशी रविवार आला तर शनिवारी. बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात (24:15) मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यायला सांगितलीय आणि कारणही दिलंय: तो गरीब आहे, त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो. खोलीचं भाडं, किराण्याची उधारी, बचत गटाचा हप्ता यांच्या तारखा त्यांनी तुझ्या तारखेवर बेतलेल्या असतात. तू ‘पाच तारखेला देतो’ म्हणालास की दंड त्यांना बसतो, आणि तुला तो दिसतही नाही. पैसे रोख हवेत की खात्यात, हे त्यांनाच विचार. खातं स्वतःचं असलं तरी फोन दुसऱ्याच्या हातात असणाऱ्या बायका पुष्कळ असतात. तुम्ही पंधरा दिवस गावाला गेलात तरी पगार पूर्ण द्यायचा. ती वेळ त्यांनी तुमच्यासाठी अडवून ठेवलेली असते. पाहुणे येणार असतील तर जास्तीच्या भांड्यांचे किती, ते पाहुणे यायच्या आधी ठरवावं.

आठवड्याची सुट्टी भरपगारी. अनुवाद 5:14 मध्ये शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विसाव्याचा दिवस, नुसता घरधन्याला नाही. दासदासींनाही तुझ्यासारखाच विसावा मिळावा असं स्पष्ट लिहिलंय. इथे एक चूक हमखास होते. रविवारी ताई येत नाहीत म्हणून दोन दिवसांची भांडी सोमवारी त्यांच्यापुढे टाकतात. मग ती सुट्टी कसली, काम फक्त एक दिवस पुढे ढकललं. रविवारची भांडी चर्चहून आल्यावर तू घास.

उचलीचा हिशेब सर्वांत जपून कर, कारण माणूस अडकतो तो इथेच. समजा पगार 5,200 आहे आणि त्यांनी 10,000 मागितले. महिन्याला 500 कापलेस तर वीस हप्ते लागतील, लागू देत. अर्धा पगार कापलास तर उरलेल्यात घर चालत नाही, त्या दुसरीकडून व्याजाने काढतात आणि एकाचे दोन कर्ज होतात. जूनमध्ये वह्या-पुस्तकांचा खर्च असतो आणि दिवाळीचा महिना तंगीचा, तेव्हा काही कापू नये. व्याज तर लावायचंच नाही; निर्गम 22:25 त्याबाबत स्वच्छ आहे. दिलेली आणि फिटलेली रक्कम दोन वह्यांत लिही, एक त्यांच्याकडे राहू दे. आणि ‘पैसे फिटेपर्यंत काम सोडायचं नाही’ हे वाक्य तुझ्या तोंडून कधीही निघता कामा नये. कर्जापायी माणसाला कामाला बांधून ठेवणं 1976 च्या कायद्याने बंद केलंय. त्याच्या कितीतरी आधी अनुवाद 24:6 ने जातं गहाण घ्यायला मनाई केली, कारण ते माणसाचा जीवच गहाण घेण्यासारखं आहे.

काही हरवलं तर आधी सगळं घर दोनदा शोध. एकाच्या साक्षीवर कुणाला दोषी धरू नये, दोन-तीन साक्षी हव्यात, असं अनुवाद 19:15 सांगतं. तुझा नुसता संशय म्हणजे एकही साक्ष नाही. त्यांची पिशवी तपासू नये, आणि सोसायटीत कुजबुज तर मुळीच करू नये. चार घरी काम करणाऱ्या बाईची चारही घरं एका अफवेने जातात, वस्तू नंतर कपाटामागे सापडली तरी.

आता दयेचं. लेवीय 19:9 मध्ये शेताचे कोपरे कापू नका म्हटलंय. ते कोपरे म्हणजे उभं, ताजं पीक. खळ्यात उरलेला भुसा नव्हे. शिवाय गरीब ते आपल्या हाताने कापून नेत. म्हणून कालची भाजी डब्यात भरून देण्यापेक्षा सकाळच्या चहा-पोळीत त्यांचा वाटा धर, तुमच्याच कपबशीत. वेगळा कप ठेवणारं घर ख्रिस्ती म्हणवत असेल, तर प्रभुभोजनात सगळ्यांसाठी असलेल्या एका प्याल्याचा अर्थ त्या घरात पोचलेलाच नाही. सणाचा एक पगार दिवाळीला द्यावा, किंवा त्यांचा जो सण असेल तेव्हा. आपल्या नाताळापर्यंत थांबवू नये.

महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी 2008 चा कल्याण मंडळाचा कायदा आहे. नोंदणीसाठी मालकाचं पत्र मागितलं तर टाळाटाळ न करता लगेच लिहून दे.

काम थांबवायची वेळ आली तर एक महिना आधी सांग. सुटून जाणाऱ्या दासाला रिकाम्या हाती पाठवू नको, कळपातून, खळ्यातून, द्राक्षकुंडातून त्याला दे, असं अनुवाद 15:13-14 म्हणतं. ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सुटताना द्यायच्या रकमेचा, कायदा आपल्यासारख्या घरांना लागू नाही, पण हिशेब तिथलाच धर: पगाराला 26 ने भागून 15 ने गुणायचं, मग वर्षांनी. 5,200 पगार आणि पाच वर्षं काम, तर 15,000. आजपासून महिन्याला 250 बाजूला टाकलेस तर त्या दिवशी हात आखडणार नाही.

हे सगळं पहिल्याच दिवशी त्यांच्यासमोर वाचून दाखव, आणि त्यांना यात काय बदलायचंय ते विचार.

तुझी,
आई