पिल्लं उघाडीच्या दाराबाहेरच मरतात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातला खारबंदिस्तीवरचा (खाडीचं खारं पाणी बांध घालून अडवण्यावरचा) लेख वाचला. ‘कांदळवनात मासे अंडी घालतात’ हे त्यात दोनदा छापलंय. तसं नाही हो! जिताडा, बोय, कोलंबी यांची अंडी पडतात ती समुद्रात, फार तर खाडीच्या मुखाशी. खाडीत येतात ती त्यांची पिल्लं, आणि येतात ती भरतीवर. भरती लागली की भाताच्या दाण्याएवढी पोरं तळातून वर उठतात, ओहोटी लागली की तळाला किंवा काठाला दबून राहतात, म्हणजे पाणी त्यांना परत ओढून नेत नाही. अशी भरतीमागून भरती धरत ती तिवरांपर्यंत, म्हणजे कांदळवनापर्यंत, पोहोचतात.

चूक बारीक नाही म्हणून लिहितोय. अंडी आतच पडतात म्हटलं, की उघाडी, म्हणजे बांधातलं पाणी सोडायचं दार, कायम बंद ठेवली तरी काही बिघडत नाही असा अर्थ होतो. बिघडतं ते तिथंच.

आमची खार, म्हणजे बांधाआतली भातजमीन, धरमतर खाडीला लागून. जुनी उघाडी लाकडी फळ्यांची होती. आषाढात, उधाणाच्या (अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीच्या) रात्री वडील फळीखाली दगड सारून अर्धा तास ती किलकिली ठेवायचे. मी कंदील धरायचो. तपकिरी अंगाचं, कपाळापासून पाठीच्या काट्यापर्यंत पांढरी रेघ असलेलं पोर दिसलं की वडील म्हणायचे, “आला जिताडा.” ती पोरं भातात फिरायची, मग तळ्यात जायची, दिवाळीपर्यंत वीतभर व्हायची.

पाच वर्षांपूर्वी तिथं लोखंडी झडप बसली. ओहोटीला पावसाचं पाणी बाहेर सोडते, भरतीला आपोआप मिटते, थेंब आत येत नाही. बांध चांगला झाला, हे मी मान्य करतो. खारं पाणी शिरून भात करपलेलं मीही पाहिलंय. पण गेल्या आषाढी अमावस्येला विजेरी घेऊन गेलो, तर झडपेच्या बाहेरच्या बाजूला पिल्लांचा नुसता थर होता. लोखंडाला तोंडं लावून उभी होती. सकाळी पाणी उतरलं आणि त्याच चिखलात बगळ्यांची रांग लागली. मला तिथं उभं राहवलं नाही.

अर्ज घेऊन दोन कार्यालयांत गेलो. एकात म्हणाले, मासे आमचा विषय नाही. दुसऱ्यात म्हणाले, झडप आमची नाही. अर्जाची पोच मात्र दोघांनीही दिली.

१ जून ते ३१ जुलै समुद्रात यांत्रिक बोटींना बंदी. २०२३ साली ५४ जातींचे लहान मासे धरायला मनाई झाली. दोन्ही चांगलंच आहे. पण त्याच पावसाळ्यात खाडीत शिरणारं पिल्लू कुणी न धरताच मरतंय, आणि वाचलेलं मच्छरदाणीच्या कापडाच्या जाळ्यात सापडतंय, त्याचं काय? मागणी मोठी नाही. झडपेत हातभर रुंदीची खिडकी ठेवा. आषाढ-श्रावणात, उधाणाला, भरतीच्या सुरुवातीचा अर्धा तास ती उघडा. शेतं पावसाच्या पाण्यानं भरलेली असतात तेव्हा एवढ्यानं भात जात नाही, आमचं कधी गेलं नाही. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या क्लॅरेन्स नदीकाठच्या पूरदारांना अशा खिडक्या केल्यात. दार राखायला गावातला माणूस मिळेल, मी स्वतः जाईन.

आणखी एक. लेखाबरोबर ‘जिताडा’ म्हणून छापलेला फोटो तिलापियाचा आहे. अंगावरचे उभे पट्टे बघा. हाच मासा जिताडा म्हणून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारतात अशी ओरड इथं रोज असते, त्यात आता तुमचा फोटो दाखवतील. उद्याच्या अंकात दुरुस्ती छापावी.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
ता. पेण, जि. रायगड