जामीनदाराची सही आणि ख्रिस्ती माणसाचं 'नाही'

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

सोलापुरात पतसंस्थेचं कर्ज आणि जामीनदार हा विषय कुठल्याच घराला नवा नाही, पण आमच्या ख्रिस्ती समाजात त्याची एक बाजू अशी आहे की ती कुणी उघड बोलत नाही, म्हणून लिहितेय.

रविवारची उपासना सुटली की चर्चच्या आवारात लोक बोलत थांबतात, तेवढ्यात एखादे ब्रदर शर्टच्या खिशातून घडी घातलेला फॉर्म काढतात, पेनसुद्धा त्यांचंच, "सिस्टर, फक्त जामीनदार म्हणून सही पाहिजे, हप्ते मीच भरणार, तुमचं नुसतं नाव." आजूबाजूला चार माणसं उभी, आत्ताच प्रार्थना करून बाहेर आलेलो, अशा वेळी नाही म्हणायला जीभ रेटत नाही. आणि म्हणलंच तर लगेच, विश्वासणाऱ्या असून असं करता? प्रभूने तर बंडी मागणाऱ्याला अंगरखाही द्यायला सांगितलाय! नर्स, शिक्षिका, पेन्शनवर जगणाऱ्या विधवा, ज्यांची आवक पक्की त्यांच्यावर हे जास्त येतं.

पण नुसतं नाव असं काही नसतं हो. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 128 प्रमाणे, करारात वेगळं लिहिलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. पतसंस्था सहकार कायद्याच्या कलम 101 खाली वसुली दाखला काढते तेव्हा जामीनदार पण त्यात येतो, कर्ज बँकेचं असेल तर जामीनदाराच्या सिबिलवर पण ते दिसतं, मग स्वतःच्या पोराच्या शिक्षणाला कर्ज काढायला गेलं की अडतं.

आणि नाही म्हणणं बायबलच्या विरुद्ध आहे असं कुणी सांगत असेल तर त्यांनी नीतिसूत्रे उघडावं. 22 व्या अध्यायात स्पष्ट आहे, कर्जाला जामीन होऊ नकोस, फेडायला नसेल तर अंगाखालचं अंथरूण काढून नेतील. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 25 व्या अध्यायातल्या, रात्री दिवे घेऊन वराची वाट पाहणाऱ्या दहा कुमारी घ्या, पाच जणींचं तेल संपलं तेव्हा बाकीच्या म्हणाल्या की आम्हाला आणि तुम्हाला पुरणार नाही, जाऊन विकत घ्या. हा दाखला आपण कितीदा ऐकतो, पण नाही म्हणणाऱ्या त्या पाच जणींना प्रभूने शहाण्या म्हटलंय याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. लूक 12 मध्ये एक जण म्हणतो, माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा, येशू त्यात पडतच नाही, मला तुमचा न्यायाधीश कुणी केलं असं विचारतो.

यावर चांगल्या शोमरोन्याचं, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्या अनोळखी माणसाला मदत करणाऱ्याचं, उदाहरण हमखास दिलं जातं. लूकचा तो 10 वा अध्याय नीट वाचा. त्याने तेल, द्राक्षारस स्वतःजवळचा वापरला, उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार स्वतः काढून दिले, जास्त लागलं तर परत येताना देईन म्हणाला आणि आपल्या वाटेला लागला. किती द्यायचं ते त्याचं त्याने ठरवलं होतं. अडचणीतल्या माणसाला हातातलं पाचशे-हजार परत न मागण्याच्या बोलीवर देणं ही मदत झाली, ती जरूर करावी, पण दुसऱ्याच्या पाच वर्षांच्या हप्त्यांखाली आपल्या लेकरांचं घर ठेवणं ही वेगळी गोष्ट आहे.

आणि हे पैशापुरतंच नाही. नाताळ आला की कॅरल, जेवण, संडेस्कूलचा कार्यक्रम सगळं त्याच दोन-तीन बायकांवर पडतं, आजारी असल्या तरी. इस्राएल लोकांचा पुढारी मोशे, त्याला त्याच्या सासऱ्याने सांगितलं होतं की लोकांचे सगळे न्यायनिवाडे तू एकटा करतोस हे बरं नाही, तू पण झिजशील आणि लोक पण. आपल्यात असं सांगणारं कुणी दिसत नाही.

आमच्या पाळकसाहेबांना आणि महिला मंडळाच्या भगिनींना कळकळीची विनंती आहे की मंडळीत सेवेवर जेवढं शिकवता तेवढं नाही कधी म्हणावं यावर पण शिकवा, आणि आवारात, उपासनेनंतर, चारचौघांत सही मागायची नाही असं व्यासपीठावरून एकदा जाहीर करा. ज्यांना मागितलं जातंय त्यांनी "घरी विचारून सांगते, कर्जाच्या कागदाची झेरॉक्स द्या" एवढं तरी म्हणावं. आणि ज्यांनी आधीच सही करून ठेवलीय त्यांच्यासाठी नीतिसूत्रे 6 मध्ये लिहिलंय की डोळ्याला झोप लागू देऊ नको, जाऊन गळ घाल आणि सुटका करून घे. तेव्हा सोमवारीच पतसंस्थेत जा, बाकी किती आहे, हप्ते किती थकलेत ते लेखी मागा आणि कर्जदाराला समोर बसवून दुसरा जामीनदार द्यायला लावा. पतसंस्था मान्य करेल की नाही ते नंतर, मागणी अर्ज करूनच ठेवा आणि पोच घ्या.

– एक ख्रिस्ती भगिनी, सोलापूर