शेवाळासाठी माणसे हवीत : उच्च शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : विदर्भातील विद्यापीठांत शेवाळ-संशोधनासाठी नियमित पदे मंजूर करण्याबाबत.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

विषय वाचून मंत्रालयात कोणी हसले असेल तर मी रागावणार नाही. प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या, कितीतरी विभाग तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांच्या जिवावर चाललेले, आणि हा गृहस्थ गोंदिया जिल्ह्यातून शेवाळासाठी माणसे मागतो आहे! मागतो आहे खरा. आणि ती प्रकल्पापुरती नकोत, विद्यापीठाच्या आकृतिबंधात, म्हणजे मंजूर कायम पदांत हवीत, एवढेच मला सांगायचे आहे.

मी अर्जुनी मोरगाव तालुक्यात वनस्पतीशास्त्र शिकवतो. एकीकडे नवेगावबांध, दुसरीकडे इटियाडोह, आणि मधल्या साऱ्या मुलखात मामा तलाव, बोड्या (लहान तळी) आणि धानाच्या बांध्या (भातखाचरे). मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव, हे आपल्याला ठाऊक असेलच. पूर्व विदर्भात ते सहा हजारांहून जास्त आहेत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी लोकांनी बांधलेले हे तलाव मालगुजारी (जमीनदारीसारखी जुनी महसूल पद्धत) गेल्यावर सरकारकडे आले. सरकारने त्यांचे क्षेत्र मोजले, सिंचन मोजले, अतिक्रमणेही मोजली असतील. त्यांच्या पाण्यात काय जगते, हे पाहणे मात्र अजून कोणाचेच काम ठरलेले नाही.

रोवणी (भाताची लावणी) झाल्यावर पंधरा-वीस दिवसांनी बांधीत उतरून पाहिले की पाण्यावर आणि चिखलावर हिरवट-निळसर थर दिसतो. आमचे शेतकरी त्याला काई म्हणतात आणि बहुतेक जण हाताने बाजूला सारतात. त्यातला चिमूटभर भाग सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर नॉस्टॉक, अ‍ॅनाबिना, ऑलोसिरा असे तंतू दिसतात. तंतूच्या माळेत मधूनच एखादी फिकट, जाड भिंतीची पेशी असते. हवेतला नायट्रोजन बांधण्याचे काम तिचे. ते करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) ऑक्सिजन सोसत नाही, म्हणून ही पेशी स्वतः ऑक्सिजन तयार करत नाही आणि बाहेरचा आत फारसा येऊ देत नाही. (शास्त्राच्या काटेकोर हिशेबात हे नील-हरित शेवाळ म्हणजे जीवाणूच, पण शेवाळवाल्यांनी त्याच्यावरचा हक्क कधी सोडला नाही.) भातशेतीतल्या नायट्रोजनमागे हे जीव आहेत हे पी. के. डे यांनी १९३९ मध्येच दाखवले. पुढे बनारसला आर. एन. सिंह यांनी आणि दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत जी. एस. वेंकटरामन यांनी त्यावर आयुष्ये घातली. एका हंगामात हेक्टरी २० ते ३० किलो नायट्रोजन, असा अंदाज साधारणपणे धरला जातो. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात ४६ टक्क्यांप्रमाणे २० किलोच्या वर नायट्रोजन असतो. म्हणजे हेक्टरी एक-दीड पोते. रोवणीच्या ऐन वेळी कृषी केंद्रासमोर रांगेत उभा राहणारा माणूस या एका पोत्याकडे कसा पाहतो, ते मुंबईतून दिसणे कठीण आहे.

मग ही काई पुड्यांत भरून वाटत का नाहीत? वाटून झाली आहे. मातीत वाळवलेले शेवाळ-खत हेक्टरी दहा किलो टाकावे, ही शिफारस जुनी आहे. अडचण अशी की बाहेरून आणलेली जात आपल्या बांधीत टिकेलच असे नाही. इथले शेवाळ तिला मागे सारते, पाण्यातले बारके कवचधारी प्राणी तिला खाऊन टाकतात, आणि युरियाचा हात सैल असला तर नायट्रोजन बांधायची तिला गरजच उरत नाही. टिकायची असेल तर ती याच मातीतली, याच पाण्यातली जात हवी. ती निवडायची तर आधी इथल्या जाती गोळा करून, वेगळ्या करून, ओळखून, जिवंत ठेवाव्या लागतात.

जिवंत ठेवाव्या लागतात, हे आपल्या वित्त विभागाला कसे समजावावे हा माझा खरा प्रश्न आहे. शेवाळाचा संग्रह विरजणासारखा असतो. वेळेवर पुढे लावला नाही की संपला. काचेच्या नळीत आगरावर (जेलीसारख्या थरावर) वाढवलेली जात दर दोन-तीन महिन्यांनी नव्या नळीत हलवायची. त्यासाठी बीजी-११ नावाचे पोषणद्रव्य मोजून-मापून तयार करायचे, नायट्रोजन बांधणाऱ्या जातींसाठी त्यातला नायट्रेट वगळायचा, ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर निर्जंतुक करायचे, दिवे बारा तास चालू बारा तास बंद, तापमान पंचविशीच्या आसपास. उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा वीज गेली तर इन्व्हर्टर किती तास खेचेल, हे पाहायला रात्रीही कोणीतरी हवे. एखाद्या नळीत बुरशी शिरली तर तीत शुद्ध तंतू शोधून पुन्हा पहिल्यापासून. हे काम करणाऱ्याचा हात बसायला वर्षे लागतात, आणि नळी न उघडता फक्त रंगावरून ‘ही बिघडते आहे’ हे कळायला त्याहून जास्त.

एका विद्यापीठात असा संग्रह होता. नाव घेत नाही, कारण दोष एका विभागाचा नाही. माझी एक विद्यार्थिनी तिथे प्रकल्पावर लागली होती. मामा तलावांमधून आणि बांध्यांतून तिने जाती गोळा केल्या, वेगळ्या केल्या, कित्येकींचे डीएनए-क्रम काढून घेतले. मार्चअखेर प्रकल्प संपला. उपयोगिता प्रमाणपत्र गेले, लेखापरीक्षण झाले, तिचे पद आपोआप संपुष्टात आले. विभागातल्या प्रयोगशाळा सहायकाची जागा आधीच व्यपगत, म्हणजे रद्द, झालेली होती. पावसाळ्यापूर्वी नळ्यांतले आगर वाळून काचेला चिकटले होते. कागदोपत्री सगळे नियमात बसणारे! त्यातल्या एका तलावाचे नंतर खोलीकरण झाले, पाळीकडचा (तलावाच्या बांधाकडचा) उथळ काठ पोकलेनने खरवडून निघाला. तिथली जात पुन्हा मिळेल की नाही, सांगता येत नाही. ती मुलगी आता एका खाजगी कंपनीत पाण्याचे नमुने तपासते आणि बरी कमावते. तिच्या जागी मी असतो तरी तेच केले असते.

आपण म्हणाल, केंद्राकडे निधी आहे, प्रकल्प आणा. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन उभे राहिले आहे. पाच वर्षांत ५० हजार कोटींची भाषा आहे. प्रकल्प आम्ही मागतोच. पण प्रकल्प गृहीत धरतो की संस्थेचा पाया आधीच घातलेला आहे, संग्रह सांभाळणारा माणूस पगारावर आहे. आमच्याकडे पायाच प्रकल्पावर उभा आहे. तीन वर्षांनी तो निघून जातो.

प्रकल्पांचे वेळापत्रक आणि मिरूग यांचेही जमत नाही. मंजुरीचे पत्र दिवाळीच्या आसपास येते असे धरा. मग विद्यापीठाची परवानगी, बँकेत स्वतंत्र खाते, जाहिरात. ‘पद निव्वळ तात्पुरते, मुलाखतीस प्रवासभत्ता देय नाही’ हे वाक्य प्रत्येक जाहिरातीत असते आणि गडचिरोलीच्या टोकाहून येणारे पोर ते वाचूनच बस धरते. निवड होऊन ते रुजू होते तेव्हा फेब्रुवारी-मार्च उजाडलेला. बोड्या आटत आलेल्या, बांध्यांना भेगा. पहिले काही महिने जुने लेख वाचण्यात आणि साहित्याची दरपत्रके गोळा करण्यात जातात. दुसऱ्या वर्षाचा हप्ता उशिरा आला की त्या हंगामात गाडीला पैसे नाहीत. तीन वर्षांच्या प्रकल्पात धानाचा एखाद-दुसरा हंगाम कसाबसा हाती लागतो. शेतातल्या शेवाळाबद्दल एवढ्यावर काय बोलणार? एक वर्ष पाऊस ऑगस्टमध्ये दडी मारतो, दुसऱ्या वर्षी सप्टेंबरात बांध फोडतो. निदान पाच खरीप एकाच माणसाने सलग पाहायला हवेत.

दुसरी गोष्ट मासोळीची. ढगाळ, वारा पडलेल्या दिवसांत एखाद्या तलावात रात्रीतून मासे मरतात. ढिवर बांधव पहाटे जातात तो पाण्यावर पांढरी पोटे. गावात पहिला संशय असतो की कोणीतरी विष टाकले. मग वाद, कधी पोलीस ठाणे. पुष्कळदा कारण तळ्यातच असते. शेवाळाचा दाट बहर दिवसा ऑक्सिजन देतो आणि रात्री स्वतःच तो वापरतो. पहाटे पाण्यातला ऑक्सिजन अगदी कमी होतो. आता गंमत पाहा. तक्रार गेली, साहेब जीप घेऊन अकरा वाजता आले आणि नमुना घेतला, तर ऊन पडल्यामुळे ऑक्सिजन पुन्हा भरपूर! अहवालात लिहितात, ‘पाणी सामान्य’. हे पाहायला सूर्य उगवण्याआधी पाळीवर मीटर घेऊन उभा राहणारा माणूस लागतो. नागपूर आमच्यापासून दीडशे किलोमीटरच्या आसपास. तिथून तो येणार कसा?

आणि बहर मायक्रोसिस्टिस या नील-हरित शेवाळाचा असेल तर प्रकरण मासळीपुरते राहत नाही. हिरवा रंग सांडल्यासारखी साय काठाला जमते, गुरे तेच पाणी पितात. त्याच्या काही जाती मायक्रोसिस्टिन नावाचे यकृताला मारक विष तयार करतात, जे पाणी उकळूनही जात नाही. पिण्याच्या पाण्यात त्यातल्या मुख्य प्रकाराची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने लिटरला एक मायक्रोग्रॅम ठेवली आहे. कोणता बहर विषारी आणि कोणता निरुपद्रवी, हे नुसते पाहून ठरत नाही. मामा तलावांसाठी ही तपासणी नेहमी करणारी व्यवस्था विद्यापीठापाशी असावी, ही अपेक्षा फार नाही.

पश्चिम विदर्भाचा मी जाणकार नाही, पण लोणारचा उल्लेख टाळता येत नाही. जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झाले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दखल घेतली, नमुने नागपूरच्या नीरीला (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेला) आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला गेले. आधी बोट शेवाळाकडे दाखवले गेले. आघारकरच्या तपासणीत तो रंग मीठप्रिय सूक्ष्मजीवांचा निघाला. दोन्ही संस्था मोठ्या आहेत, त्यांनी काम चोख केले. पण बुलढाणा जिल्हा ज्या अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतो ते १९८३ पासून आहे. सरोवरावर बारमाही नजर ठेवणारे पद तिथे असते तर रंग कोणत्या आठवड्यापासून पालटू लागला, हे नोंदवहीत सापडले असते. औषधाच्या दुकानात गोळ्यांच्या रूपात विकली जाणारी स्पिरुलिना लोणारमध्ये आपसूक वाढते. प्रयोगशाळेत तिच्यासाठी लिटरला सोळा-सतरा ग्रॅम खायचा सोडा घालावा लागतो. लोणारच्या पाण्याला तो खारेपणा जन्मतःच आहे.

आता पैशाचे. केंद्राच्या २०२३ च्या दराने कनिष्ठ संशोधकाला महिना ३७,००० रुपये, संशोधन सहयोगीला ५८,००० पासून पुढे. एका प्रयोगशाळेत दोन कनिष्ठ संशोधक, संग्रह सांभाळणारा एक सहयोगी दर्जाचा माणूस आणि एक तंत्रज्ञ, घरभाडे धरून वर्षाला वीस लाखांच्या घरात खर्च. चांगल्या कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाला याच्या कितीतरी पट रक्कम लागते, आणि यंत्रखरेदीचे प्रस्ताव मंजूर होतात हे मी पाहिले आहे. यंत्राचे उद्घाटन होते, फोटो छापून येतो. नळ्या हलवणाऱ्याचे उद्घाटन कसे करणार?

छात्रवृत्तीबद्दल एकच सांगतो. ती दरमहा मिळावी. आठ-आठ महिने थांबून एकदम मिळणाऱ्या रकमेवर ज्याच्या घरी दोन एकर धान आहे ते पोर जगू शकत नाही. ते मध्येच सोडते, आणि ज्याला वडिलांकडून पैसे मागवता येतात तेवढेच टिकते. तलावांची नावे, काठावरची माणसे आणि त्यांची बोली माहीत असलेली मुले नेमकी पहिल्या गटातली असतात.

तेव्हा मागणी अशी. पूर्व विदर्भातल्या तलावांसाठी गोंडवाना किंवा नागपूर विद्यापीठात एक आणि लोणारसाठी अमरावती विद्यापीठात एक, अशा दोन शेवाळ प्रयोगशाळांना प्रत्येकी वर सांगितलेली पदे द्यावीत. त्यांतली संग्रहपालाची आणि तंत्रज्ञाची पदे आकृतिबंधात नियमित असावीत, निवृत्तीनंतर व्यपगत न होणारी. संशोधकांची पदे पाच वर्षांची. पूर्वेकडच्या प्रयोगशाळेचे एक उपकेंद्र तलावांच्या तालुक्यात असावे. आमच्या महाविद्यालयासारख्या ठिकाणी एक खोली आणि एक फ्रीज पुरेल. जाहिरात जानेवारीत निघावी, मुलाखती मार्चपर्यंत व्हाव्यात आणि माणसे मेअखेर रुजू व्हावीत, म्हणजे मिरगाच्या पहिल्या पावसाला ती बांधीवर असतील. यंदा वित्त विभाग सगळे मान्य करणार नसेल, तर निदान संग्रहपालाचे एक पद आधी द्या. बाकीच्यांसाठी आम्ही केंद्राकडे प्रकल्प मागत राहू.

विद्यार्थ्यांसोबत पाहिलेल्या तलावांची यादी माझ्याकडे आहे : गट क्रमांक, कोणत्या महिन्यात कोणता बहर दिसतो, खोलीकरण झाले की नाही, आणि तिथल्या मच्छीमार संस्थेत कोणाला भेटावे. जो कोणी रुजू होईल त्याच्या हाती ती द्यायला मी तयार आहे.

आपला नम्र,
वनस्पतीशास्त्राचा एक अध्यापक,
तालुका अर्जुनी मोरगाव, जिल्हा गोंदिया.