या वर्षी गणपतीला येत नाही, बाबा

लिंकन, नेब्रास्का
6 ऑगस्ट 2023

तीर्थरूप आई-बाबा,
सा. न. वि. वि.

या वर्षी गणपतीला मी येत नाहीये. फोनवर सांगणार होते, पण आईने मोदकाच्या पिठाचं विचारलं की माझी जीभच रेटत नाही, म्हणून लिहिते आहे.

अधिक श्रावणामुळे गणपती 19 सप्टेंबरवर गेले. ऑगस्टअखेर असते तर प्रश्नच नव्हता, कारण इथल्या नेब्रास्का विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे पहिले दोन सामने बाहेरगावी आहेत. पण लिंकनचे घरचे पहिले तीन सामने 16, 23 आणि 30 सप्टेंबरला आहेत, आणि गौरी-गणपती बरोबर त्यांच्या मधोमध. रजा पंधरा दिवसांची. सप्टेंबरमध्ये आले असते तर जेमतेम नऊ दिवस हाती लागले असते, त्यातले दोन झोपेचं गणित बसवण्यात गेले असते. त्याऐवजी सगळी रजा डिसेंबरकडे सरकवली आहे. 23 डिसेंबरला पोचते, संक्रांतीचे तिळगूळ खाऊन 16 जानेवारीला निघते. तिकीट काढून झालं आहे. सुट्ट्या मध्ये पडतात म्हणून सलग साडेतीन आठवडे मिळतात. आई, हे तुला समजूत घालण्यासाठी सांगत नाही. खरंच हिशेब केला आहे.

पण रजेचा हिशेब हे अर्धंच कारण. उरलेलं अर्धं बाबांना न सांगता कळलं असेल. नवा कोच पहिल्यांदा त्या बोगद्यातून मैदानात येणार आणि मी तिथे नसणार, हे मला जमणार नाही. 3 नोव्हेंबर 1962 पासून इथला एकही घरचा सामना तिकिटं न संपता झालेला नाही. 1970, 71, 94, 95 आणि 97 ही राष्ट्रीय अजिंक्यपदाची पाच वर्षं बाबांना पाढ्यासारखी पाठ आहेत. 2016 नंतर मात्र या संघाला हंगामाअखेरचा बोल सामनासुद्धा मिळालेला नाही, आणि तो मिळायला सहा विजय पुरतात.

बाबा, आता तुमच्याशी. गेल्या वर्षीचा 10 सप्टेंबर तुम्ही विसरला नसाल. जॉर्जिया सदर्नकडून 45-42 अशी हार झाली आणि दुसऱ्याच दिवशी तेव्हाचा कोच स्कॉट फ्रॉस्टला काढलं. तीन आठवडे थांबले असते, तर 1 ऑक्टोबरला करार मोडल्याबद्दल त्याला द्यायची रक्कम सुमारे दीड कोटी डॉलरवरून निम्म्यावर आली असती. तरी थांबले नाहीत. फ्रॉस्टचा एकूण हिशेब 16 विजय, 31 पराभव. पण त्यातला खरा आकडा वेगळा आहे. आठ किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने सुटलेल्या सामन्यांत तो 5 जिंकला आणि 22 हरला. संघ इतका वाईट नव्हता, शेवटच्या दहा मिनिटांत सुटत होता. डब्लिनमध्ये नॉर्थवेस्टर्नविरुद्ध 28-17 ने पुढे असताना अचानक चेंडू परत आपल्याकडेच मिळवायला ती आखूड किक मारली आणि 31-28 ने सामना घालवला. अशा चुका शिकवण्यातल्या असतात, अंगातल्या नव्हे. म्हणून मला आशा आहे.

नवा कोच मॅट रूल याच्याबरोबर आठ वर्षांचा, 7 कोटी 40 लाख डॉलरचा करार झाला आहे. त्याचा इतिहास नीट वाचलात तर या वर्षी जिवाला त्रास होणार नाही. टेंपल विद्यापीठात पहिल्या वर्षी 2 विजय आणि 10 पराभव, दुसऱ्या वर्षी 6-6, तिसऱ्या वर्षी 10-4. मग बेलर विद्यापीठात 1-11, मग 7-6, मग 11-3. बेलरच्या पहिल्याच सामन्यात लिबर्टीसारख्या संघाकडून 48-45 ने हरला होता. असं काही या सप्टेंबरमध्ये झालं, तर "झालं, हाही तसलाच" म्हणून टीव्ही बंद करून उपाशी झोपू नका.

पहिलं वर्ष का जड जातं, तेही सांगते. कोच नोव्हेंबरअखेर येतो आणि नव्या मुलांच्या सह्या डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात होतात. म्हणजे घरोघरी जाऊन मुलांना पटवायला चार आठवडेसुद्धा नाहीत. शिष्यवृत्त्या फक्त 85, आणि त्यातल्या बहुतेकांवर आधीच्या कोचने निवडलेली मुलं. दुसऱ्या विद्यापीठांतून बदली होऊन आलेली मुलं खड्डे बुजवतात, पण पुढच्या फळीतला धिप्पाड खेळाडू असा आयता मिळत नाही. अठराव्या वर्षी आलेल्या पोराला त्या वजनाने आणि त्या ताकदीने उभं राहायला दोन-तीन वर्षं व्यायामशाळेत घालवावी लागतात. शिवाय प्रत्येक चालीचं नाव नवं. खेळाडू आठवायला थबकला की अर्धा सेकंद जातो, आणि तेवढ्यात समोरचा येऊन आदळतो.

बचाव टोनी व्हाइटकडे दिला आहे, सिरॅक्यूजहून आणून. त्याची मांडणी 3-3-5: पुढे तीन, मागे तीन, आणि त्यांच्यामागे पाच चपळ मुलं. बाकीचे बहुतेक पुढे चार ठेवतात. इथे चौथा कुठून घुसणार ते क्वार्टरबॅकला, म्हणजे समोरच्यांची चाल चालवणाऱ्याला, शेवटपर्यंत कळत नाही. कबड्डीत साखळी कुठून तुटून अंगावर येणार हे चढाईवाल्याला कळू नये, तसंच. आपल्याकडे आज चार दणकट पुढचे नाहीत, पळणारी मुलं आहेत, म्हणून हे शहाणपणाचं आहे. पण मधल्या तिघांना मागे रेटलं की हीच मांडणी उघडी पडते. समोरचा संघ चेंडू हातात घेऊन चार-चार यार्ड ढकलत राहतो आणि घड्याळ खातो. मिशिगन 30 सप्टेंबरला हेच करणार, मनाची तयारी ठेवा.

आक्रमणाची मला जास्त धास्ती आहे. जॉर्जिया टेकहून आलेला आपला क्वार्टरबॅक जेफ सिम्स उंच आहे, पायाने फार सुंदर पळतो, पण चेंडू समोरच्यांच्या हाती देतो. म्हणून या वर्षी गुण मोजू नका, वहीत तीन गोष्टी मांडा. चेंडू आपण किती वेळा घालवला आणि किती वेळा मिळवला. पंट, म्हणजे चेंडू लांब लाथाडून समोरच्यांना दिल्यावर, धावणारी मुलं चेंडूच्याच बाजूला गेली का. 2021 मध्ये मिशिगन स्टेटला चेंडू एकीकडे आणि पोरं दुसरीकडे गेली, तुमच्यासमोरच घडलं ते. आणि सामन्याच्या शेवटच्या पाव भागात दंडाचे यार्ड किती. या तीन रकान्यांत सुधारणा दिसली, तर विजय पाच असोत की सात, रूल योग्य वाटेवर आहे असं मी समजेन.

आता वेळा, आणि इथे मी कुणाचं ऐकणार नाही. 5 नोव्हेंबरपर्यंत आपल्यात साडेदहा तासांचं अंतर आहे, त्यानंतर साडेअकरा. मिनेसोटाचा सामना तुमच्याकडे शुक्रवारी, 1 सप्टेंबरला पहाटे साडेपाचला. तो बघा, तसेही तुम्ही उठलेले असता. कोलोरॅडोचा शनिवारी 9 तारखेला रात्री साडेनऊला. जेवण आठला, गोळी नेहमीच्या वेळी, आणि अकराला मध्यंतराच्या सुमारास आडवं व्हायचं. 16 तारखेचा तुमच्याकडे रविवारी पहाटे साडेचारला, त्यासाठी गजर लावायचा नाही. पुढच्यांच्या वेळा बारा किंवा सहाच दिवस आधी ठरतात, ठरल्या की कळवते. 23 तारखेला दुपारी गौरी-गणपतींचं विसर्जन करून, भिजून दमून आल्यावर रात्री जागून टीव्हीसमोर बसलेले मला चालणार नाही. रविवारी सकाळी नऊला मी फोन करून पहिल्या चालीपासून सगळं सांगेन. तोवर निकाल बघू नका, मीच सांगते.

रक्तदाब सकाळीच मोजायचा. पाच मिनिटं टेकून शांत बसून, हात टेबलावर छातीच्या पातळीत ठेवून, चहाच्या आधी. हरल्यावर मोजलेला आकडा डॉक्टरांच्या वहीत लिहायचा नाही. आणि सामन्याच्या रात्री पापड-फरसाण बंद.

आई, तुझे चार सोमवार आहेत, 21 ऑगस्टपासून. साबुदाणा नको, साखर लगेच वर जाते. राजगिऱ्याची भाकरी, दही, काकडी, मूठभर दाणे. उपवास असला तरी गोळ्यांचं डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही बदलायचं नाही. गौरींचे मुखवटे आणि साड्यांची पेटी माळ्यावर आहे. दादा 17 ला येतो आहे, तोच काढेल, स्टुलावर तू चढायचं नाहीस. शाडूची मूर्ती तोच आणेल, वहिनी दोन दिवस आधी पीठ आणून ठेवेल. न्हाणीघरातली धरायची दांडी आणि इन्व्हर्टरची नवी बॅटरी या महिन्यातच बसेल, पैसे मी पाठवले आहेत. बाबा, "कशाला खर्च" म्हणून सुताराला परत पाठवू नका. आणि आई, मैदानावरचे तुझे ते लाल फुगे आता पहिल्या गुणाला सोडत नाहीत, गेल्या वर्षी हेलियमच्या टंचाईमुळे थांबवले. तुला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नव्हतं. इथे आली होतीस तेव्हा ते बघायला हात सोडून तू वर बघत होतीस, आणि तुझा पदर मी धरून ठेवला होता, लहानपणी जत्रेत धरायचे तसाच.

एकवीस मोदकांतला एक माझ्या नावाने बाजूला ठेव. कळ्या मोडल्या तरी चालतील.

पुढच्या वर्षी गणपती 7 सप्टेंबरला आहेत. त्याच दिवशी लिंकनमध्ये कोलोरॅडोचा सामना आहे, रूलचं दुसरं वर्ष. बाबा, तो सामना काय आहे हे तुम्हाला सांगायला नको. त्या दिवसाचं माझं तिकीट मी आत्ताच मैत्रिणीला देऊन टाकलं आहे. प्रतिष्ठापनेला मी घरी असेन, आणि वेळ कुठलीही असली तरी तो सामना आपण दोघं मिळून बघू. त्या रात्री गजर मी लावेन.

तुमची,
छकुली